उजवीकडून तिसरी जागा

१

एनॉस व्हीलॉकचा दगड पुन्हा कलला होता.

आर्लीन टेनीने आधी ओळंबा धरला, मग लेव्हलपट्टी लावली, मग दोन्ही गवतावर टाकून एक शिवी हासडली. थडग्यांपाशी शिव्या द्यायच्या नाहीत हा नियम तिनेच केलेला होता. पण गेल्या तीन आठवड्यांत तो चार वेळा मोडला होता आणि चारही वेळा याच दगडापायी.

ईस्ट हार्लोच्या टेकडीवर जुन्या लढाईतले सोळा सैनिक पुरलेले आहेत. अमेरिकेने इंग्लंडच्या राजाविरुद्ध केलेली ती पहिली लढाई, अडीचशे वर्षं होत आली. शाळेची बस चालवणं सोडल्यापासून आर्लीन दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिथे जायची. मऊ ब्रश, पाणी आणि लाकडी काडी, एवढंच सामान. तारेचे ब्रश घेऊन शेवाळ खरवडायला येणाऱ्या उत्साही मंडळींना ती फाटकातूनच परत पाठवायची. सात वर्षांत तिने फुटलेले दगड चुन्याने सांधले, आडवे पडलेले उभे केले, आणि एकदा उभा केलेला दगड पुन्हा कलला असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. व्हरमाँटचा हिवाळा जमीन उचलतो, ती गोष्ट वेगळी. पण हा ऑगस्ट होता.

सोळा जुने दगड ओळीत सरळ उभे, आणि सतरावा, नवाकोरा ग्रॅनाइटचा, ज्याच्याखाली कुणी पुरलेलंसुद्धा नव्हतं, तोच तेवढा झुकलेला. खाली हातभर खडी भरली होती. चिचुंद्र्यांनी पोखरलं म्हणावं तर एक भोक दिसत नव्हतं.

"बघ, परत," ती नवऱ्याला म्हणाली.

मर्ल मेपलच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसला होता. तो म्हणाला, "चमचा."

जानेवारीत मर्लला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं, ते एका शब्दावर येऊन थांबलं. भूक लागली की चमचा, थंडी वाजली की चमचा. चौतीस वर्षं ज्या बायकोबरोबर काढली तीही चमचाच. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, त्याला जिव्हाळ्याचा असा एकच शब्द धरा आणि त्याच्यामागे लागा. आर्लीनने शब्द धरला "हजर". मर्ल बावीस वर्षं हार्लोच्या पलटणीत होता. पलटण म्हणजे गावातलीच पिकलेली माणसं. जुन्या काळचे सदरे घालून, ठासणीच्या बंदुका खांद्यावर टाकून समारंभाला उभी राहायची. हजेरीच्या वेळी प्रत्येक जण टेकडीवरच्या एकेका सैनिकाच्या नावाला "हजर" म्हणायचा. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी गावाचा घरवापसीचा दिवस असतो. गाव सोडून गेलेली माणसं वर्षातून एकदा परत येतात. त्या दिवशी मर्लने रांगेत उभं राहून तो एक शब्द म्हणावा, एवढंच आर्लीनला हवं होतं.

त्यासाठी सात महिने रोज सकाळी ओटमीलची वाटी पुढ्यात ठेवून ती म्हणायची, हजर. तो म्हणायचा, चमचा. एकदा तिने वाटी सिंकमध्ये आपटली होती आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडून बसली होती.

तिने पहार उचलली आणि दगड पाचव्यांदा सरळ करायला घेतला.

२

या सतराव्या दगडाचं खूळ मुळात आर्लीननेच उचलून धरलं होतं, आणि हे तिला कुणी आठवण करून दिलेलं आवडत नसे.

गावाच्या कचेरीत दप्तर सांभाळणाऱ्या फिलिसला मे महिन्यात एक जुनी नोंदवही सापडली. तिच्यात एनॉस व्हीलॉकचं नाव होतं. त्या काळी ज्याचं नाव लढाईसाठी निघे त्याला जायचं नसेल, तर तो आपल्या जागी दुसरा माणूस पाठवू शके. एनॉस असा बदली होता. तीनदा तीन वेगवेगळ्या माणसांच्या जागी गेला आणि परत आला. चौथ्यांदा गेला, त्यानंतर वहीत त्याचं नाव नाही. थडगं तर नाहीच.

फिलिसने हे पलटणीच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा कॅप्टन ड्वेन पिंकहॅमचे डोळे पाणावले. ड्वेनचं गावात टायरचं दुकान आहे आणि त्याच्या डोळ्यांना पाणी यायला फारसं काही लागत नाही. तो म्हणाला, या बिचाऱ्याने जन्मभर दुसऱ्यांच्या जागा भरल्या. आता एकदा याच्या जागी कुणीतरी उभं राहू दे. त्याला दगड करू, हजेरीत त्याचं नाव घेऊ.

"मर्ल उभा राहील," आर्लीन ताडकन म्हणाली.

कुणी एकमेकांकडे बघितलं नाही. ते सगळे जमिनीकडे बघत होते आणि ते तिला जास्त लागलं. म्हणून ती पुन्हा म्हणाली, जरा आवाज चढवूनच. मग ड्वेन म्हणाला, का नाही, त्याच्या सैनिकाचं नाव एका नव्या माणसाने घेतलंय, पण त्याची जागा तशीही कुणी घेतलेली नाही, उजवीकडून तिसरी.

पलटणीची रीत अशी, की ज्याने सैनिक घेतला त्याने हजेरीवहीत स्वतःच्या हाताने सही करायची. फिलिसने लिहिलं: एनॉस व्हीलॉक, त्याच्या जागी मर्ल टेनी. मर्लला पेन धरवेना. फिलिस म्हणाली, राहू दे, चालेल. आर्लीनला ते "चालेल" सहन झालं नाही. तिने मर्लच्या मुठीत पेन कोंबलं, वरून आपली मूठ आवळली आणि त्याची पूर्ण सही करवून घेतली. मर्ल हात मागे ओढत होता. तिला वाटलं, नेहमीचा हट्ट.

३

पहिली तालीम गुरुवारी सहा वाजता, अग्निशमन बंबाच्या शेडमागच्या कुरणात होती. मर्ल बूट घालू देईना. आर्लीनने आधी समजावलं, मग दटावलं, मग जमिनीवर बसून त्याच्या पायाशी अक्षरशः कुस्ती केली. त्यात अर्धा तास गेला. त्याला गाडीत बसवून ती कुरणापाशी पोचली तेव्हा तालीम संपली होती आणि मंडळी बंदुका गाड्यांत ठेवत होती.

ड्वेन हसत खिडकीपाशी आला आणि आत हात घालून त्याने मर्लच्या खांद्यावर थाप मारली. "काय खणखणीत आवाज लावलास रे आज! सुखाचा धक्का दिलास."

आर्लीन म्हणाली, आम्ही आत्ता येतोय.

ड्वेनला वाटलं ती थट्टा करते आहे. तो म्हणाला, व्हीलॉकचं नाव घेतलं, मर्ल हजर म्हणाला, मी वही मिटली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू ओसरलं. रांगेत सगळ्यांची नजर समोर असते आणि तो स्वतः मान खाली घालून वही वाचत असतो. कोण आलंय, कोण नाही, हे त्याने खरंतर पाहिलंच नव्हतं. मग कुणीतरी मर्लच्या वतीने ओरडला असणार, तो म्हणाला. चांगल्या मनानेच.

आर्लीनच्या डोक्यात तिडीक गेली. नवरा आजारी पडल्यापासून गावाच्या चांगल्या मनाने तिला वीट आणला होता. पायरीवर आणून ठेवलेल्या गोड पाई, न विचारता कापलेलं गवत, आणि आता हे. तिने एकेकाला नाव घेऊन विचारलं, कोण ओरडलं? सगळ्यांनी माना हलवल्या. रांगेत दुसरा उभा राहणारा लेलँड म्हणाला, माझ्या डाव्या कोपराला मर्लचं कोपर लागत होतं. रांग सरळ राहावी म्हणून आपण कोपराला कोपर लावूनच उभे राहतो ना. तिसरी जागा मोकळी असती तर मला कळलं नसतं का?

"तू गप्प बस, लेलँड," आर्लीन म्हणाली आणि तिने गाडी वळवली.

घरी येईपर्यंत ती एकटीच बोलत होती. मर्ल खिडकीबाहेर बघत होता. जेवताना सवयीने ती त्याला म्हणाली, म्हण, हजर. मर्लने ओठ हलवले, पण काहीच आलं नाही. चमचाही नाही.

तो शब्द त्यानंतर पुन्हा आलाच नाही. सात महिन्यांत ज्या शब्दाचा तिने इतका राग केला, तो गेल्यावर स्वयंपाकघरात बसवेना.

४

आजारी माणसाच्या घराला त्याचे त्याचे आवाज असतात. टेनींच्या घरात मर्लच्या चालण्याचा आवाज होता. डावा पाय पाऊल टाकी, उजवा लिनोलियमच्या फरशीवरून घासत येई. आर्लीन झोपेतही तो ऐकून ओळखायची की तो न्हाणीघराकडे चाललाय की खिडकीकडे.

सोमवारी सकाळी ती ओट्यापाशी कॉफी गाळत होती. बाहेर अंगणातल्या वाळूवर पावलं वाजली. सावकाश, सारखी, दोन्ही पायांवर नीट वजन टाकणारी. मग पायऱ्या. पहिली पायरी वाजली, दुसरी वाजली नाही, तिसरी वाजली. दुसरी पायरी कुरकुरते म्हणून मर्ल ती नेहमी ओलांडायचा. सुतार असून ती दुरुस्त मात्र कधी केली नाही, यावरून त्यांचं चौतीस वर्षं भांडण होतं. झटका आल्यापासून मात्र त्याला ओलांडणं शक्य नव्हतं. तो कठडा धरून एकेक पायरी चढायचा.

पावलं ओसरीवर आली आणि दाराशी थांबली.

आर्लीनने गाळणी तशीच हातात धरून दार उघडलं. तिच्या तोंडून हाक निघायच्या बेतात होती. ओसरीवर कुणी नव्हतं. वाळूवर खारीच्या पायांचेसुद्धा ठसे नव्हते.

ती वळली. मर्ल तिच्या मागे टेबलाशी बसला होता. तो उठलाच नव्हता. त्याची पाठ दाराकडे होती आणि दार उघडलं तरी त्याने मान वळवली नव्हती.

लाकूड उन्हाने ताणलं जातं, घरं बोलतात, आपण दमलो आहोत. तिने ही तिन्ही कारणं स्वतःला सांगितली आणि तिन्ही तिला पटली. तरी त्या दिवशी तिने तीनदा दार उघडून पाहिलं. भीती वाटत होती म्हणून नाही. कुणीतरी दाराशी येऊन तिने उघडायच्या आत परत गेलं, याचं तिला वाईट वाटत होतं.

५

दुसऱ्या तालमीला ती एकटीच गेली. मर्लजवळ फिलिस बसली.

आर्लीन कुरणाच्या कुंपणाशी उभी राहिली. ऊन अजून रांगेच्या मागे होतं, त्यामुळे चेहरे दिसत नव्हते, हॅटा आणि खांदे दिसत होते. कोण चेष्टा करतो ते आज डोळ्यांत तेल घालून बघायचं, असं ठरवूनच ती आली होती. ड्वेनने सावधान म्हटलं आणि वाचायला सुरुवात केली. एक नाव, एक हजर. सोळा नावं झाली.

"एनॉस व्हीलॉक."

"हजर."

मर्लचा आवाज. थोडा घोगरा, शेवटी किंचित खाली उतरणारा. लाकूडवखारीत समोरच्याला दुसऱ्यांदा विचारायला न लावणारा तोच आवाज. आर्लीनला आधी भीती वाटली नाही, संताप आला. सात महिने, रोज सकाळी, हात जोडायचे बाकी ठेवले होते. आणि तो शब्द इथे, परक्याच्या नावाला, असा सहज?

तिने उजवीकडून मोजलं. एक, दोन, तीन. तिसऱ्याची बंदूक बाकीच्यांपेक्षा चार बोटं खाली होती. मर्लचा खांदा वर्षानुवर्षं फळ्या वाहून उतरला होता आणि त्याची बंदूक कायम अशीच राहायची. "टेनी, बंदूक वर!" असं ड्वेन बावीस वर्षं दर समारंभाला ओरडत आला होता.

ती कुंपणाला वळसा घालून धावली. वळसा मोठा होता. ती पोचली तोवर रांग मोडली होती. तिने माणसं मोजली. सोळा. पुन्हा मोजली. लेलँड तिच्याकडे बघत होता आणि आपलं डावं कोपर चोळत होता.

घरी फिलिस दारातच उभी होती. म्हणाली, बरा होता गं, शांत होता, पण सव्वासहाच्या सुमारास एकदम खुर्चीतून खाली घसरला. उचलून बसवला तर डावा हातही उचलेना. आर्लीन त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. मर्ल तिच्याकडे बघत होता, बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईकडे माणूस बघतो तसा. कंटाळून नाही, रागाने नाही. ओळखच नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. नवा झटका नाही, रक्तस्राव नाही, जानेवारीत होतं तसंच आहे सगळं, म्हणाले. मग असं का? डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं. आर्लीनला त्यांच्या टेबलावरचं पेपरवेट उचलून फेकावंसं वाटलं.

६

शुक्रवारी ती टायरच्या दुकानात गेली आणि ड्वेनला जॅकवर चढवलेल्या गाडीखालून बाहेर काढून म्हणाली, व्हीलॉकचं नाव उद्या घ्यायचं नाही.

ड्वेन हात पुसत बसला. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्या होत्या. पाहुणे येणार होते. व्हीलॉक सापडला म्हणूनच तर यंदा एवढी गर्दी होती. त्याने एकेक कारण सांगितलं आणि ती प्रत्येकाला नाही म्हणत गेली. शेवटी तो वैतागला. "अगं, तूच हट्ट धरलास ना? आम्ही कुणी म्हणालो होतो, मर्लला उभा कर म्हणून?"

"हो, मीच. माझीच चूक. आता काढ."

"कारण तरी सांगशील?"

कारण तिला माहीत होतं, पण बोलून दाखवलं की खुळ्यासारखं वाटणार होतं. तरी ती बोलली. "तिकडे तुमच्या रांगेत तो जेवढा भरत चाललाय, तेवढा माझ्याकडे रिकामा होतोय. मला हा रिकामा का होईना, घरात हवा आहे, ड्वेन. मला बाकी काही नको."

ड्वेनने हातातलं फडकं खाली ठेवलं. तू शेवटची कधी झोपलीस, असं त्याने विचारलं असतं तर ती तिथेच भांडली असती. पण त्याने विचारलं नाही. तो म्हणाला, ठीक आहे, सोळाच वाचतो. रांगसुद्धा सोळांची, मधे जागा सोडणार नाही.

तिथून ती कचेरीत गेली. फिलिसने वही काढली आणि मुकाट्याने मर्लच्या नावावर तांबडी रेघ मारली. आर्लीन वाकून बघत होती. सही तिच्याच हातची होती, अक्षरांचं वळण तिचं होतं. मर्ल हात मागे ओढत होता हे तिला आत्ता नीट आठवलं.

शेवटी ती टेकडीवर गेली. दगड आता इतका कलला होता की पहार लावायचीही फारशी गरज पडली नाही. तिने तो उपटला, तोंड खाली करून गवतावर आडवा पाडला आणि ताडपत्रीने झाकला. सात वर्षांत दगड पाडायची तिची ही पहिलीच वेळ. खड्ड्यातली खडी तिने हाताने उपसून पाहिली. खाली कोरडी, कडक, कुणी कधी न खणलेली माती होती.

७

शनिवारी ऊन छान पडलं. जमिनीत पुरून रात्रभर शिजवलेल्या राजम्याच्या हंड्या उघडल्या होत्या, चर्चच्या बायकांनी ब्लूबेरीच्या पाईंची टेबलं मांडली होती आणि वीस-वीस वर्षांनी भेटणारे लोक एकमेकांना किती जाड झालास म्हणत होते. आर्लीनने मर्लची खुर्ची टेकडीच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला मांडली. त्याचा पलटणीचा सदरा इस्त्री करून कपाटात होता, तो तसाच राहू दिला. सात महिने ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी तिने त्याला साधा चौकड्यांचा शर्ट घातला. घालताना रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

पलटण उभी राहिली. सोळा माणसं, कोपराला कोपर. तिने तीनदा मोजली.

ड्वेनने नावं वाचली. प्रत्येक नावाला हजर. आर्लीन मनात मोजत होती. चौदा, पंधरा, सोळा. ड्वेन थांबला, तिच्याकडे बघून त्याने किंचित मान हलवली आणि वही मिटली. काही झालं नाही. तिने श्वास सोडला.

"हजर," रांगेतून आवाज आला.

कुणी नाव घेतलं नव्हतं. पाहुण्यांना काही कळलं नाही, एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. रांगेतली माणसं मात्र समोर बघत ताठ झाली आणि लेलँडच्या हनुवटीखालची नस उडताना आर्लीनला इतक्या लांबून दिसली. तिने उजवीकडून मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्या हॅटपाशी थांबली. पुढे मोजायचं तिला धाडस झालं नाही.

ड्वेनचा चेहरा पांढरा पडला होता. काय करावं हे न कळून त्याने बावीस वर्षं जे केलं तेच केलं. त्याने कूच म्हटलं. ढोल वाजला, पलटण वळली आणि एकेकाच्या ओळीने रस्त्यावरून तिच्यासमोरून जायला लागली. ड्वेन बाजूने चालत होता, नजर जमिनीवर, आणि तिच्या समोर येताच सवयीने ओरडला, "टेनी, बंदूक वर!"

ओरडला आणि जागच्या जागी थबकला. तोवर तिसरा माणूस पुढे गेला होता. आर्लीनला त्याच्या सदऱ्याची बाही दिसली, उतरलेला खांदा दिसला, कानामागचे पांढरे केस दिसले. गेल्या रविवारी तिनेच कापले होते, वाकडे. त्याने बंदूक चार बोटं वर घेतली. मान वळवली नाही. रांगेत चालताना मान वळवत नाहीत.

ती अर्धवट उठली. पण तिच्या हातातल्या हाताने तिला धरलं. घट्ट, धडधाकट माणसाच्या पकडीने.

"बाई," खुर्चीतला माणूस म्हणाला.

स्पष्ट, सावकाश, एकही अक्षर न अडखळता. इतके महिने ती ज्याची वाट बघत होती ते बोलणं. चेहरा मर्लचा होता, हनुवटीवरचा व्रण मर्लचा होता. आवाज पोरसवदा होता.

"बाई, या खेपेला माझं नाव नाही ना घेतलं? मग मला घरी सोडता का? ओढ्याच्या पलीकडेच राहतो आम्ही. आई वाट बघत असेल."

ओढ्याच्या पलीकडे नुसतं रान होतं. मर्लची आई जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. तो माणूस खुर्चीतून उठून तिच्यासमोर उभा राहिला. दोन्ही पायांवर नीट उभा राहिला आणि शर्टाची वरची गुंडी लावून, अदबीने, तिच्या उत्तराची वाट बघायला लागला. ढोलाचा आवाज बंबाच्या शेडपाशी वळला आणि बारीक होत गेला. आर्लीनने हाक मारायला तोंड उघडलं. पण मर्ल म्हणून हाक मारायची ती कुठल्या बाजूला तोंड करून, हे तिला कळेना.